ट्राउटचं ताट

छत्रपती संभाजीनगरला सर्वांत जवळचा ट्राउट मासा सरळ रेषेत मोजलं तरी साडेनऊशे किलोमीटर दूर, निलगिरीच्या थंड ओढ्यांत राहतो. उत्तरेकडचे त्याहून लांब, कुलू आणि काश्मीरच्या नद्यांत. तो आपल्याकडे येऊन राहण्याची शक्यता शून्य आहे आणि त्याचं कारण साध्या रसायनशास्त्रात आहे. दहा अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो; तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. वर पंचाईत अशी, की पाणी तापलं की माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते. मागणी चढते नेमक्या त्याच वेळी पुरवठा आटतो. पाणी पंचवीस अंशांच्या आसपास गेलं की ट्राउटचा धीर सुटतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या मुलखात, उथळ काठाच्या नाथसागरात तो सोडणं म्हणजे त्याला मारणंच.

तरीही ट्राउट पकडायच्या कलेतला निम्मा भाग इथंच, सलीम अली तलावाच्या काठी किंवा म्हैसमाळच्या उतारावरच्या एखाद्या पावसाळी ओढ्यात शिकता येतो. मासा इथं नसला, तरी त्याचं ताट इथं वाढलेलं आहे.

त्या ताटात असतात पाण्यातले किडे, म्हणजे पंख फुटण्याआधीच्या अवस्थेतले कीटक. त्यांना निम्फ म्हणतात. आपण ज्यांना हवेत उडताना पाहतो ते चतुर, टाचण्या, मेफ्लाय यांच्या आयुष्याचा मोठा हिस्सा पाण्याखाली गेलेला असतो. हवेतले दिवस हे त्यांच्या आयुष्याचं शेवटचं प्रकरण. आपण तेवढंच वाचतो आणि पुस्तक वाचलं असं समजतो.

चतुराचं पिल्लूच घ्या. तलावाच्या काठच्या पाणवनस्पतींतून बारीक जाळी फिरवून ती पांढऱ्या तसराळ्यात झटकली, की मातकट रंगाचं, सहा पायांचं, बेढब काहीतरी तळाशी बसलेलं दिसतं. आईबापाचं चापल्य कुठंही नाही. पण त्याच्या हनुवटीखाली घडी घालून ठेवलेला एक सांधेदार ओठ असतो, टोकाला दोन आकडे असलेला. डासाची अळी टप्प्यात आली की आपली पापणी लवायच्या आत हा ओठ पुढे सुटतो, अळीला धरतो आणि तोंडाशी आणतो. श्वास घ्यायची तऱ्हा आणखी विलक्षण. त्याचे कल्ले शरीराच्या मागच्या टोकाला, गुदाशयाच्या आत असतात. तिथूनच ते पाणी आत ओढतं, ऑक्सिजन काढून घेतं आणि पाणी बाहेर सोडतं. धोका दिसला की तेच पाणी जोरानं मागे फेकून एका धक्क्यात पुढे निसटतं. जेट विमानाचं तत्त्व माणसाला सुचण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून हे चालू आहे.

मेफ्लायची निम्फ नाजूक. पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले, शेपटीला दोन किंवा तीन धागे. वाहत्या स्वच्छ पाण्यातला दगड उचलून उलटा केला, तर त्याला चिकटून एखादी चपटी निम्फ सुळकन बाजूला सरकते. ती कित्येकदा कात टाकत वाढते. पाठीवर पंखांचं गाठोडं हळूहळू फुगतं, काळपट होतं. मग एके दिवशी जुन्या कातडीखाली हवा साठते, निम्फ चंदेरी दिसू लागते आणि पृष्ठभागाकडे निघते. तिथं कातडी फाटते आणि पंख असलेला कीटक बाहेर येतो. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांच्या जगातला हा एकच गट आहे. शेवटच्या अवस्थेत त्याला खाता येईल असं तोंड उरत नाही. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि एक-दोन दिवसांत संपायचं.

आता ट्राउटच्या बाजूनं पाहा. तो प्रवाहात एखाद्या दगडाच्या आडोशाला, कमीत कमी श्रमात उभा राहतो आणि पाण्याबरोबर जे वाहत येईल ते टिपतो. वर्षातले थोडेच तास पृष्ठभागावर पंखवाल्या किड्यांची गर्दी असते. एरवी सगळं जेवण पाण्याखालचं. हे इतकं उघड आहे की ते कुणाला नव्यानं सांगावं लागलं असेल यावर विश्वास बसत नाही. पण इंग्लंडमध्ये त्यावरून भांडण झालं, आणि ते चांगलं तीन दशकं धुमसत राहिलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इंग्लंडमधल्या चुनखडीच्या झऱ्यांवरच्या नितळ नद्यांवर फ्रेडरिक हॅलफर्ड यांचा शब्द प्रमाण होता. १८८९ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकानं पंथच उभा केला: गळाला पिसं-रेशीम बांधून केलेली कृत्रिम माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे, आणि वर येऊन खाणाऱ्या माशालाच ती टाकायची. बाकी सगळं असभ्य. या सोवळ्याला धक्का दिला जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या सॉलिसिटरनं. स्क्यूज इचेन नदीवर मासेमारी करायचे आणि वकिलाच्या सवयीनं पुरावा मागायचे. पकडलेल्या ट्राउटच्या पोटातला ऐवज ते नळीतली मज्जा काढायच्या लांब चमच्यानं बाहेर काढत, पांढऱ्या बशीत पाणी घेऊन त्यात सोडत आणि निरखत. बशीत पंखवाले कमी, निम्फ जास्त. १९१० मध्ये त्यांनी हे पुस्तकातून मांडलं, १९२१ मध्ये पुन्हा मांडलं. तरी १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये कृत्रिम निम्फनं मासे धरणं योग्य की अयोग्य यावर रीतसर वाद झडला. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या घरात होते. माझी सहानुभूती अर्थात बशीतल्या पुराव्याला. पण सोवळं पाळणाऱ्यांचीही थोडी गंमत वाटते, कारण त्यांच्या हट्टामुळेच स्क्यूज यांना इतकं बारीक पाहावं लागलं.

स्क्यूज वकील होते. पुढचा मोठा माणूस नदीचा रखवालदार होता. फ्रँक सॉयर विल्टशायरमधल्या एव्हन नदीच्या वरच्या भागाची राखण करत. गाळ काढणं, झुडपं छाटणं, पाण्यावर नजर ठेवणं हे त्यांचं रोजचं काम. त्यामुळे निम्फ पोहते कशी हे त्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळ पाहिलं होतं. त्यांच्या लक्षात आलं, की पोहताना मेफ्लायची निम्फ पाय अंगाशी घट्ट आवळून घेते. म्हणजे निम्फच्या प्रतिकृतीला पाय दाखवायची गरजच नाही! तोवर लोक हौसेनं पिसांचे पाय काढत बसले होते. १९५८ मध्ये आलेल्या 'निम्फ्स अँड द ट्राउट' या सॉयर यांच्या पुस्तकानं जी निम्फ जगभर नेली, ती फक्त दोन वस्तूंची आहे: फेझंट कोंबड्याच्या शेपटीच्या पिसाचे चार-पाच तंतू आणि केसाइतकी बारीक तांब्याची तार. धागासुद्धा नाही.

ती बांधायची रीत अशी. चौदा किंवा सोळा नंबरचा गळ शेगड्यात पकडायचा. या मोजणीत आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. सोळा नंबरचा गळ करंगळीच्या नखावर मावतो. गळाच्या दांड्यावर तांब्याची तार गुंडाळत जायचं आणि छातीच्या जागी वेढ्यावर वेढे देऊन उंचवटा करायचा. तार मागच्या टोकाला आणायची. तिथं पिसाचे तंतू असे अडकवायचे की त्यांची टोकं तीनेक मिलिमीटर मागे डोकावतील: ही झाली शेपटी. मग तंतू आणि तार एकत्र पिळून पुढे गुंडाळत न्यायचे. पोट तयार होतं, तारेमुळे त्याला बळकटी येते आणि मधून मधून तांबूस चमक दिसते. पुढे पोचल्यावर तंतू छातीच्या उंचवट्यावरून मागे, पुन्हा पुढे असे दुमडायचे. प्रत्येक दुमड तारेनं पक्की करायची. पाठीवर काळपट गाठोडं दिसू लागतं, पंख फुटायच्या बेतात असलेल्या निम्फसारखं. तारेचे शेवटचे दोन वेढे आणि काम संपलं. सराव झाला की पाच मिनिटांचं काम. सराव नसेल तर तंतू तुटतात, तार निसटते आणि माणूस वैतागतो.

या कृतीत मला सर्वांत आवडते ती तार. ती एकाच वेळी तीन कामं करते: बांधते, वजन देते, रंग देते. आणि ती आपल्या गावात कुठंही मिळते. जळालेल्या मोटारी पुन्हा भरून देणारी दुकानं चिकलठाण्यात, वाळूजला पावलापावलावर आहेत. त्यांच्याकडच्या जुन्या वाइंडिंगमध्ये हीच लाख चढवलेली, तांबूस-तपकिरी बारीक तार असते. फेझंट मात्र आपल्याकडचा पक्षी नाही. त्याच्या जागी मोर चालतो, किंबहुना अमेरिकी पद्धतीच्या कित्येक निम्फची छाती मोरपिसाच्या तंतूंचीच असते. गळून पडलेलं मोरपीस देशात बाळगायला कायद्याची हरकत नाही; परदेशी पाठवायला मनाई आहे.

मोरपिसाचा तंतू पाण्यात इतका का चालतो, यामागं एक सुंदर गोष्ट आहे. त्याच्या हिरव्या-निळ्या झळाळीत हिरवा किंवा निळा रंग कुठंच नसतो. आत असतो तपकिरी-काळा मेलॅनिन, आपल्या केसांत असतो तोच. त्याच्या सूक्ष्म कांड्या ठरावीक अंतरावर जाळीसारख्या रचलेल्या असतात आणि ते अंतर प्रकाशाच्या ठरावीक लांबीच्या लहरीच परत पाठवतं. अंतर किंचित बदललं की निळ्याचा हिरवा होतो, हिरव्याचा तपकिरी. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये ही रचना मोजून दाखवली. म्हणून तंतू वळला, पाण्यात हलला, की रंग बदलतो. रंगवलेल्या लोकरीला हे जमत नाही. पैठणच्या मागावर जो मोर विणतात त्यालाही ही युक्ती थोडी ठाऊक आहे: उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणजे धूपछाव.

एवढी कलाकुसर करून झाल्यावर ऑलिव्हर काइट यांची हकिगत ऐकली, की बांधणाऱ्याचा अहंकार उतरतो. काइट लष्करातले अधिकारी, सॉयर यांच्याच गावात राहायला आलेले, पुढे इंग्लंडच्या टीव्हीवर लोकप्रिय झालेले. त्यांनी एकेक वस्तू काढून टाकत पाहिलं. आधी पिसं काढली. शेवटी उरला उघडा गळ आणि छातीच्या जागी तांब्याच्या तारेचे काही वेढे. शेपटी नाही, पोट नाही, पंखांचं गाठोडं नाही. ट्राउट तोही खात होते.

मग ट्राउट पाहतो तरी काय? तीन गोष्टी: आकारमान, खोली आणि चाल. सॉयर आणि काइट दोघांचाही भर शेवटच्या गोष्टीवर होता. निम्फ माशाच्या नाकासमोर वाहत आली, की काठीचं टोक हळूच उचलायचं. खाली जाणारी निम्फ थबकते आणि वर निघते. खरी निम्फ पंख फुटायच्या वेळी हेच करते. समोरचं अन्न निसटतंय असं दिसलं की न खाणारा मासाही तोंड उघडतो.

पाण्याखालून जग कसं दिसतं हेही लक्षात घ्यायला हवं. वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं आकाश, झाडं, काठावरचा माणूस एका गोल खिडकीत आवळून दिसतात. या खिडकीचा कोन सुमारे सत्त्याण्णव अंशांचा. तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग हा आरसा असतो आणि त्यात नदीचा तळ उलटा दिसतो. तरंगणारी माशी खिडकीच्या कडेला मोडूनतोडून दिसते. निम्फ मात्र माशाच्याच पाण्यात असते, स्वच्छ दिसते, आणि पृष्ठभागाजवळ आली तर आरशात तिची दुसरी प्रतिमाही दिसते. म्हणजे खोटेपणा लपवायला कमी वाव. तरीही तारेच्या चार वेढ्यांनी तो फसतो, कारण वाहत्या पाण्यात त्याला विचार करायला क्षणभराचाच वेळ असतो. हात नसलेल्या प्राण्याला वस्तू पारखायची एकच रीत: तोंडात घ्यायची, नको असेल तर थुंकायची. नदीतल्या काड्या-कचऱ्याचंही तो हेच करतो.

या थुंकण्यातच मासेमाराची सगळी अडचण आहे. गांडूळ लावलेल्या गळाला मासा ओढतो, काठावरच्याला झटका कळतो. तांबं आणि पीस यांना चव नाही. ट्राउट ते तोंडात घेऊन क्षणात बाहेर टाकतो आणि तंगूस हलतसुद्धा नाही. स्क्यूज पाण्याखाली क्षणभर काही चमकलं का ते पाहायचे. काही जण तंगुसावर रंगीत लोकरीचा गोंडा बांधून त्यावर नजर ठेवतात. गोंडा थांबला, किंचित मागे राहिला, वाकडा झाला, की काठी उचलायची. दहातल्या बऱ्याच वेळा तो दगड निघतो.

दुसरी अडचण नदीच्या स्वभावातली. प्रवाह वरच्या थरात जोरात आणि तळाशी, दगडांच्या घर्षणानं, सावकाश वाहतो. खरी निम्फ तळाच्या वेगानं वाहते. आपली निम्फ मात्र वरच्या थरातल्या तंगुसाला बांधलेली, म्हणून ती ओढली जाऊन प्रवाहापेक्षा भरधाव पळते आणि ट्राउटला त्यात काहीतरी खटकतं. पोलंड आणि तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाच्या मासेमारांनी १९८० च्या दशकात जागतिक स्पर्धांत यावरचा उतारा दाखवला: जड निम्फ, आखूड दोर, आणि काठी उंच धरून दोराचा जवळजवळ सगळा भाग पाण्याबाहेर. पुढे मण्यांचं वजन वाढवायला टंगस्टन आला. शिशाची घनता पाण्याच्या अकरा पट, टंगस्टनची एकोणीस पट. मणी लहान राहतो आणि निम्फ सरळ तळाला जाते.

भारतात ट्राउट आणला इंग्रजांनी, स्वतःच्या करमणुकीसाठी. श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या मिचेल नावाच्या गृहस्थांनी ब्रिटनहून अंडी मागवली. पहिली खेप वाटेतच मेली. १९०० च्या अखेरीस आलेली दुसरी जगली. निलगिरीत १९०७ मध्ये अ‍ॅव्हलांच इथं उबवणी केंद्र निघालं. हिमालयातल्या मूळ माशांच्या वाट्याला या पाहुण्यामुळे स्पर्धा आली, हे विसरू नये. आज कुणाला निम्फ टाकून पाहायची असेल तर हिमाचलातली तीर्थन किंवा काश्मीरमधली लिद्दर या नद्या आहेत. मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या विणीसाठी बंदी असते. गळाचा उलटा काटा पक्कडीनं आधीच दाबून टाकावा, म्हणजे मासा फारसा न दुखावता पाण्यात परत सोडता येतो.

पण ज्याला तिकडे जायचंच नाही, त्यालाही ही कला उपयोगी आहे. निम्फ बांधायची तर पाण्यात कोणते किडे आहेत हे आधी पाहावं लागतं, आणि किडे पाहिले की पाण्याची तब्येत कळते. ब्रिटनमध्ये १९८० च्या सुमारास यावरून गुण देण्याची पद्धत बसली: दगडाला चिकटणाऱ्या चपट्या मेफ्लाय कुळाला दहा गुण, पोहणाऱ्या छोट्या मेफ्लाय कुळाला चार, न चावणाऱ्या चिलटांच्या लाल अळ्यांना दोन, गाळातल्या गांडुळांच्या भाऊबंदांना एक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं भारतासाठी हीच पद्धत जुळवून घेतली आहे. ही लाल अळी दोनच गुणांची असली तरी मोठी चिवट. तिच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून ती लाल, आणि म्हणूनच सांडपाण्याच्या ऑक्सिजनहीन गाळातही ती जगते. ट्राउटवाले तिचीही प्रतिकृती बांधतात, लाल धाग्याचे चार वेढे देऊन. आपल्या शहरातल्या खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम काही वर्षं चालू आहे. काठावरचे बगीचे आणि रंगवलेल्या भिंती लगेच नजरेत भरतात. मला विचाराल तर हिशेब दगडाखाली बघावा. लाल अळ्यांच्या सोबतीला चार गुणांची पोहणारी निम्फ आली का? दहा गुणांची यायला बराच काळ जाईल.

आणि चतुर? पावसाळ्यात मैदानांवर पिवळट-सोनेरी चतुरांचे थवे घिरट्या घालतात तो पँटाला फ्लेव्हेसेन्स. पावसानं साचलेल्या तात्पुरत्या डबक्यात त्याचं पिल्लू साधारण सहा ते नऊ आठवड्यांत वाढून उडतं. डबकं आटायच्या आत संपवायची घाई. पुढे हे थवे जातात कुठे, हे मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९ मध्ये मांडलं. गोड्या पाण्याचा ओहोळही नसलेल्या त्या बेटांवर दर ऑक्टोबरात लाखो चतुर उतरतात. मोसमी वाऱ्यांच्या पाठीवर ते भारतातून निघून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत पोचतात, आणि पुढच्या पिढ्या पावसामागोमाग फिरत पुन्हा इकडे येतात. केनियाच्या डोंगराळ ओढ्यांत १९०५ मध्ये इंग्रजांनी ट्राउट सोडला, तो अजून तिथं आहे. एखाद्या दुपारी वाऱ्याच्या झोतानं तिथल्या पाण्यात आपटलेला चतुर चिकलठाण्याच्या विमानतळामागच्या डबक्यात जन्मलेला असेल, हा माझा कल्पनाविलास. प्रवास मात्र खरा आहे, आणि त्याला परवाना लागत नाही.